बिनफोडणीचे दिवस

कडुलिंबाच्या पाल्याला दोन वास असतात. नुकत्याच मोडून आणलेल्या डहाळीचा वास हिरवा, कडसर, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. पण तोच पाला रात्रभर चादरीखाली अंगाच्या उबेनं दबून मलूल झाला, की त्यातून जो दरवळ उठतो तो अगदी निराळा. त्यात ताप असतो, घाम असतो, ओल्या फडक्याचा गारवा असतो, आणि या सगळ्याच्या तळाशी कडूपणा, कसा कोण जाणे, थोडा गोडसर होऊन बसलेला असतो. वैशाखात रस्त्यानं जाताना छाटून टाकलेल्या लिंबाच्या फांद्या उन्हात पडलेल्या दिसल्या, की तो दुसरा वास एकाएकी अंगावर येतो आणि पाय आपोआप हळू होतात.

त्या वासाच्या मागोमाग मला एक शांतता ऐकू येते. फोडणीचा आवाज नसलेल्या घराची शांतता. तेलात मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली आणि वरून आमटी ओतली की जो चर्र आवाज उठे, त्यावर आमच्या घराची सकाळ बांधलेली होती. त्या आवाजावरून शाळेची तयारी, त्यावरून आजोबांची पूजा आवरायची वेळ. १९७५च्या उन्हाळ्यात तो आवाज थांबला. मला कांजिण्या झाल्या होत्या. घरात मात्र कांजिण्या कुणी म्हणत नव्हतं. ‘बाया आल्यात,’ आजी हळूच म्हणे, आणि तेवढ्यानं आल्यागेल्याला सगळं कळे. तो उंबऱ्याबाहेरूनच परत फिरे.

माजघरात माझं अंथरूण. खिडकीला आईचं जुनं लुगडं ओलं करून लावलेलं, त्यातून उन्हाचा एक मातकट, थंडावलेला उजेड आत येई. अंथरुणाखाली पाला, उशाशी पाला, दाराच्या चौकटीला पाला. खाजवायचं नाही, हा एकच कडक नियम; बाकी सगळे नियम सैल झालेले. खाज अनावर झाली की आई डहाळी हातात घेई आणि पाठीवरून वरून खाली अशी हलकेच फिरवी. पानांच्या दातेरी कडा फोडांना न दुखवता त्यांच्या मधल्या कातडीवरून सरकत जात, आणि नेमकं जिथं खाजत असे तिथं तिचा हात न सांगता थबकत असे. हे तिला कसं कळे, मला अजून कळलेलं नाही.

फोडणी बंद, तळण बंद. बाबांनी दाढी केली नाही. कुणी मोठ्यानं बोललं नाही. ताटात दहीभात, आणि पाण्याच्या तांब्यावर ओलं फडकं. या सगळ्यात मोठं नवल आजीचं. एरवी उठता-बसता माझ्या वेणीला हिसका देणारी आजी रोज सकाळी अंघोळ करून यायची, माझ्या पायांशी उभी राहायची आणि हात जोडायची. ‘बाई, आलीस तशी सुखानं जा. लेकराला सांभाळ.’ बघत असे ती माझ्याकडे, बोलत असे माझ्या आत येऊन बसलेल्या दुसऱ्याच कुणाशी. मला भीती वाटली नाही. उलट अंगभर फोड आणि तापानं फणफणलेली मी, जरा महत्त्वाची झाल्यासारखी पडून राहिले.

देव माणसाला रोग का होऊ देतो, हा प्रश्न पुढे मी पुष्कळ वाचला, पुष्कळांच्या तोंडून ऐकला. आजीला तो पडलेला मात्र कधी दिसला नाही. तिच्या लेखी देव कुठे वर बसून होऊ देत किंवा अडवत नव्हता. तो स्वतःच रोग होऊन, माप ओलांडून घरात आला होता. दारी आलेल्या पाहुणीला ‘का आलीस’ असं विचारत नाहीत. पाणी विचारतात. पाहुणीला गरम नको, उग्र वास नको, भांडण नको, गलका नको; आणि जे जे त्या पाहुणीला नको ते ते तापलेल्या पोरालाही नकोच असतं. किती शहाणपणानं रचलं होतं कुणीतरी हे! आजाऱ्याजवळ कसं बसावं, याचं सगळं शिक्षण एका देवीच्या मानपानात गुंडाळून ठेवलेलं.

आपल्याकडे अशा देव्या गावोगाव आहेत. माहीमच्या देवळात शितळादेवी आहे आणि तिथंच खोकला बरा करणारी खोकलादेवी आहे. पटकीची जरीमरी आहे. वेशीबाहेरची मरीआई आहे. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत नेऊन पलीकडच्या गावाच्या हवाली करायचा, अशी रीत होती. पलीकडच्या गावाला काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनात लहानपणीच आला होता. आजीनं त्यावर ‘ते पुढं ढकलतात’ एवढंच सांगितलं होतं.

त्या दिवसांत एका दुपारी आरोग्य खात्याचा माणूस आला. गावातल्या भिंतींवर गेरूनं रंगवलेलं होतं, देवीचा रोगी दाखवा आणि बक्षीस मिळवा. त्याला कुणीतरी आमचं घर दाखवलं असणार. आजीच्या कपाळावरच्या आठीकडे दुर्लक्ष करत तो चपला काढून आत आला, उकिडवा बसला आणि त्यानं माझे दोन्ही तळहात उघडून उजेडात धरले. मग तळपाय. देवीचे फोड तळहात-तळपायांवरही उठतात आणि सगळे एकाच वेळी पिकतात. कांजिण्या पोटा-पाठीवर दाट असतात, एक सुकतो तेव्हा दुसरा उगवतो. माझे तळवे कोरे होते. ‘कांजिण्याच,’ तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटका होती की हिरमोड, ते सांगता येत नाही. माझ्या भावाचा मात्र स्पष्ट हिरमोड झाला. त्यानं बक्षिसाच्या पैशांची मनात वाटणी करून ठेवलेली होती.

त्याच सुमाराला, १९७५च्या मे महिन्यात, आसामातल्या करीमगंजला देवीचा रोगी सापडला, आणि तो भारतातला शेवटचा ठरला. पुढे ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेनं सगळ्या पृथ्वीवरून हा रोग नाहीसा झाल्याचं जाहीर केलं. रोग गेला, देवी राहिली. शितळेच्या देवळात अजून ओटी भरली जाते, पोर बरं झालं की दहीभाताचा नैवेद्य जातो. ज्या दुखण्यासाठी तिला बसवलं ते दुखणं आता कुणालाच होत नाही, आणि तिला त्याचं काही वाटत असेल असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत नाही.

माझ्या दंडावर टोचल्याचे दोन गोल वण आहेत. माझ्या मुलीच्या दंडावर ते नाहीत. कधीतरी अंघोळीनंतर दंड पुसताना बोट त्या खळग्यात जातं आणि मला मुंबईची एक तीन वर्षांची मुलगी आठवते. ॲना डस्टहॉल तिचं नाव. १४ जून १८०२ रोजी तिच्या दंडावर टोचलेली देवीची लस लागू पडली, हिंदुस्थानातली पहिली. बगदाद, बसरा, मग जहाजानं मुंबई, असा त्या लसीचा प्रवास. ती टिकवायला बर्फ नव्हता, यंत्र नव्हतं, एका पोराच्या दंडावरच्या फोडातून काढून दुसऱ्याच्या दंडावर, अशीच ती जिवंत ठेवावी लागे. ॲनाच्या दंडावरून दुसऱ्या पोरांच्या, त्यांच्या दंडावरून आणखी पुढे, असं करत ती पुण्याला गेली, सुरतेला गेली. ॲना त्या दिवशी रडली का, रात्री कुणाच्या कुशीत झोपली, हे कुणी लिहून ठेवलं असेल तर मला ते वाचायचं आहे. विरोधही झालाच. येणाऱ्या देवीला दारातच अडवलं तर ती कोपेल, असं लोक म्हणत. आणि कुठल्या जातीच्या पोराच्या दंडातलं आपल्या पोराच्या दंडात येतंय, ही धास्ती तर देवीच्या कोपाहून मोठी.

म्हणून त्या पाहुणीचं मला कितीही अप्रूप असलं, तरी मी तिचं कौतुक एका मर्यादेपर्यंतच करू शकते. कारण मी अक्काला पाहिलं आहे.

अक्का म्हणजे आजोबांची बहीण. बालपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, नऊवारीचा पदर कायम कपाळापर्यंत ओढलेली. तिच्या सगळ्या चेहऱ्यावर देवीचे वण होते, आणि डाव्या डोळ्यात एक पांढरट ढग कायमचा थांबलेला. लहानपणी तिच्या मांडीवर झोपताना मी त्या वणांवरून बोट फिरवीत असे. गाल थंड असत, खळग्यांच्या कडा मऊ. ती हसून म्हणे, ‘देवीनं मोजून ठेवलेत, तू नको मोजू.’ तिला देवी आल्या तेव्हा तिच्या पाठचा भाऊही त्याच अंथरुणात होता. देवी गेल्या त्या अक्काला ठेवून आणि त्याला घेऊन.

हे असं का झालं, याचं उत्तर घरात तयार होतं. त्या आठवड्यात दूरचे कोणी पाहुणे आले होते आणि माझ्या पणजीनं त्यांच्यासाठी आमटीला फोडणी दिली होती. एवढंच. मोहरी तडतडली, वास माजघरात गेला, देवी रागावली. कुणी म्हटलं हे पहिल्यांदा? सासूनं, जावेनं, की तेराव्याला जेवायला आलेल्या कुणी? अक्काला ते माहीत नव्हतं, पण एकदा म्हटलं गेलं आणि मग ते घरातच राहिलं. पणजी पुढे पुष्कळ जगली. सगळ्या घरासाठी ती रोज दोन्ही वेळा फोडणी देई, लसणाची, मेथीची, मिरचीची, हात अगदी सराईत. पण त्याआधी पातेल्यातलं एक वाटीभर वरण बाजूला काढून ठेवी. तेवढं तिचं. बिनफोडणीचं वरण आणि भात, मरेपर्यंत. कुणी तिला ते सांगितलेलं नव्हतं आणि कुणी कधी थांबवलंही नाही.

ती वाटी मी पाहिलेली नाही. अक्कानं सांगितली. तरीही आमच्या घरातल्या सगळ्या वस्तूंमध्ये मला तीच सर्वांत स्पष्ट दिसते.

श्रावणात अक्का कहाण्या वाचायची. शिळासप्तमीची कहाणी आली की तिचा आवाज किंचित बदले. त्या कहाणीत राजानं तळं बांधलेलं असतं आणि तळ्याला काही केल्या पाणी लागत नाही. जलदेवता सांगतात, सुनेचा वडील मुलगा बळी दे. मग सुनेला माहेरी धाडतात आणि पोराला ठेवून घेतात. तळं भरतं. राजाला वाईट वाटतंच, पण तळंही भरलेलं असतं. सून माहेराहून येताना ते पाणी पाहते, तिला सप्तमीचा वसा आठवतो, काकडीच्या पानावर दहीभात घेऊन ती पाण्यात उभी राहते आणि मागणं मागते: आमच्या वंशात कोणी पाण्यात बुडालं असेल ते परत मिळो. आणि पायाला कुणीतरी ओढू लागतं. तिचा मुलगा.

लहानपणी मला त्यातलं ते पायाला धरणं फार आवडायचं. आता त्या कहाणीतलं एकच ठिकाण मला सोडत नाही: देवाला काय हवं आहे याचा निर्णय झाला तेव्हा मुलाची आई घरात नव्हती. देवाची इच्छा ऐकली सासऱ्यानं, मान्य केली सासऱ्यानं, आणि किंमत मोजली तिनं. कहाणी रचणाऱ्या बायांना हे दिसलं असणार. म्हणूनच त्यांनी तिला कुठलंही कारण सांगितलं नाही, उपदेश केला नाही. सरळ मूल परत दिलं. कहाणीत ते करता येतं.

कारणं पुष्कळ आहेत आपल्याकडे, आणि ती सगळी टाकाऊ आहेत असं मला म्हणवत नाही. प्रारब्ध आहे. कुळाचार राहून गेल्याचा कोप आहे. साडेसाती आहे. देव भक्ताची परीक्षा पाहतो, हे आहे; ज्याच्यावर त्याचं प्रेम त्यालाच तो अधिक ताप देतो, हेही आहे. आणि कर्मविपाकाच्या पोथ्या आहेत, ज्यांत कोणत्या जन्मीच्या कोणत्या पापाला या जन्मी कोणता रोग, हे ओळीनं लावून दिलेलं आहे; ब्रह्महत्येला कुष्ठ, असं. कुणीतरी बसून शांतपणे ते लिहिलं. मला त्या लिहिणाऱ्याबद्दल कुतूहल वाटतं. त्याचं अंग निरोगी असणार, असं का कोण जाणे वाटत राहतं.

तुकोबांची गोष्ट वेगळी. १६३०च्या आसपासच्या त्या भयंकर दुष्काळात त्यांची थोरली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं, दुकान बुडालं, गावात तोंड दाखवायची लाज वाटू लागली. आणि पुढे एका अभंगात ते या सगळ्याबद्दल देवाला म्हणतात की झालं ते बरंच झालं, यानंच मी तुझ्याकडे वळलो. तो अभंग मी तरुणपणी वाचला तेव्हा चिडले होते. बायको भुकेनं मेली ती काय नवऱ्याला परमार्थ लाभावा म्हणून? आज चीड उरलेली नाही, पण ती निघून गेली तेही तुकोबा संत म्हणून नव्हे. ते घर त्यांचं होतं, ती बायको त्यांची होती, तो उकिरडा झालेला संसार त्यांचा होता, आणि त्या ढिगाऱ्यावर बसून त्याचा अर्थ काय लावायचा याचा अधिकारही त्यांचा एकट्याचा होता. तेच वाक्य देहूच्या दुसऱ्या एखाद्या सुखवस्तू वाण्यानं त्यांच्या ओट्यावर येऊन, पान खात, त्यांना सांगितलं असतं तर? विचार करूनच अंगावर काटा येतो.

गांधीजींकडूनही हे घडलं. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये भूकंप झाला, हजारो माणसं गाडली गेली, आणि अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे असं गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांना ते सहन झालं नाही; त्यांनी जाहीर निषेध केला, गांधीजींनी तो आपल्या ‘हरिजन’मध्ये छापला आणि तरीही आपलं म्हणणं सोडलं नाही. मी रवींद्रनाथांच्या बाजूची आहे. मातीखाली गेलेल्या पोरांना त्या पापाशी काय घेणंदेणं?

पण सेवाग्रामला गेलं की परचुरेशास्त्रींची कुटी दिसते, आणि माझं भांडण जरा थबकतं. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित, अंगावर कुष्ठ घेऊन आश्रमात आलेले. पोथ्या आपल्या रोगाबद्दल काय सांगतात हे त्यांना ठाऊक नसेल, असं कसं म्हणावं? ते श्लोक त्यांना पाठही असतील. गांधीजींनी त्यांना आपल्या शेजारी जागा दिली आणि ते स्वतःच्या हातानं त्यांना मालिश करीत. भूकंपाचं कारण ज्यांना इतकं नक्की माहीत होतं, त्यांनी या एका माणसाजवळ बसल्यावर कारण मांडलं नाही, तेल घेतलं. तळहाताखाली ती बधिर झालेली कातडी, चट्टे, झडलेली बोटं. इतक्या जवळ गेलं की कदाचित सुचतच नाही काही. किंवा सुचतं, पण हात कामात असतात.

बाबा आजारी होते तेव्हा इस्पितळाच्या बाहेरच्या बाकावर आमचा मुक्काम असे. भेटायला माणसं येत, चांगली माणसं, लांबून एसटीनं येणारी, डब्यात शिरा घेऊन येणारी. आणि थोडा वेळ झाला की त्यांच्यातल्या कुणालातरी राहवत नसे. ‘कुलदेवतेला जाणं झालंय का इतक्यात?’ ‘मागच्या जन्मीचं काही असतं, फेडावं लागतं.’ ‘देव चांगल्यांचीच परीक्षा बघतो, वहिनी.’ आई पदर बोटांत गुंडाळत ऐकून घेई. मी त्यांच्यावर मनातून जळत असे. फार नंतर माझ्या लक्षात आलं की ते आमच्याशी बोलतच नव्हते. घरी जाताना एसटीच्या खिडकीशी बसून त्यांना स्वतःला काहीतरी सांगावं लागणार होतं: आपल्या घरी हे का नाही, आणि उद्या का येणार नाही. आपण कुलदेवतेला गेलो होतो. आपण फोडणी दिली नव्हती. भ्यालेल्या माणसाचा तो ताईत असतो, आणि तो बांधायला त्याला दुसऱ्याच्या मनगटाची गरज पडते.

त्या बाकावर मला सर्वांत बरी वाटलेली बाई म्हणजे आमच्या जुन्या वाड्यातल्या एक काकू. त्या आल्या, आईशेजारी बसल्या, पिशवीतून मोगऱ्याचा गजरा काढून तिच्या केसांत खोवला आणि म्हणाल्या, ‘किती दिवस झाले ग न्हाऊन? जा, घरी जाऊन न्हाऊन ये. मी बसते इथं.’ आई उठून गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या अंगाला शिकेकाईचा वास येत होता. काकू देवभोळ्या, मंगळवार-शुक्रवार करणाऱ्या. त्यांच्याकडेही कारणं असणारच. त्यांनी ती त्या दिवशी घरी ठेवली होती.

गेल्या वर्षी माझ्या एका मैत्रिणीची परळला केमोथेरपी सुरू झाली. मी गेले तेव्हा ती खुर्चीत टेकून बसली होती, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हाताला सुई. मला बघून म्हणाली, ‘मी शोधून काढलंय. मागच्या जन्मी मी नक्की कुणातरी ब्युटी पार्लरवालीचे पैसे बुडवले असणार. नाहीतर नेमके केसच कशाला?’ आणि हसली. नर्सही हसली. मीही हसले, मात्र होकार देण्याची माझी टाप नव्हती, नकाराचीही नाही, ते पाप तिचं स्वतःचं होतं, तिनंच कष्टानं रचलेलं. मी विचारलं, पुढच्या वेळी काय आणू. ती म्हणाली, इथल्या जेवणाला चव नाही, तोंड सगळं कडू झालंय, आंबट काहीतरी आण. आमसुलाचं सार चालेल का म्हणून मी विचारलं.

‘चालेल,’ ती म्हणाली. ‘आणि वरून तुपाची, जिऱ्याची फोडणी दे चांगली. कंजुषी करू नकोस.’